सोमवार : आराम

सध्या मुक्काम पोस्ट अक्कलकोट. नोव्हेंबरमध्ये अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सोलापुरात बायपास झाली. तेव्हा पंधरा दिवस रजा काढून राहिलो होतो, मग बहीण राहिली, आणि आता जानेवारीत तीन आठवडे घरून काम करायची परवानगी काढून मी पुन्हा आलोय. सोबत लॅपटॉप, हेडफोन आणि सायकल. सायकल अंगणात उतरवली तेव्हा आई म्हणाली, "अण्णांना बघायला आलायस का शर्यतीला?" खरं सांगायचं तर दोन्हीला. पण असं खरं आईला सांगायचं नसतं.

आणि ती शर्यत नाही, हे आतापर्यंत किमान पन्नास लोकांना समजावून मी थकलोय. तिला ब्रेव्हे म्हणतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, बस्स. पहिला आलात काय आणि शेवटचे आलात काय, सगळे सारखेच. बक्षीस नाही, हारतुरे नाहीत, रस्त्यात पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. दोनशेनंतर तीनशे (वीस तास), चारशे (सत्तावीस तास), सहाशे (चाळीस तास) अशी चढती भाजणी असते. ही चारही एका मोसमात केली की माणूस 'सुपर रँदोन्नेर' होतो. त्याच्याही पुढची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, बाराशे किलोमीटर, नव्वद तास. ती १८९१ साली सुरू झाली, आता चार वर्षांतून एकदा असते. मागची २०२३ला झाली, पुढची २०२७ला. माझी झेप सध्या पुढच्या महिन्यातल्या पुण्याच्या दोनशेपुरती. बाकीचं बाकी.

त्यासाठी एका ॲपनं मला वेळापत्रक आखून दिलंय. त्यातल्या या आठवड्याची पहिलीच ओळ होती, 'सोमवार : आराम'. अण्णांनी चष्मा लावून स्क्रीन वाचली आणि म्हणाले, "सुरुवातच आरामानं? आमच्या शाळेत असं वेळापत्रक लावलं असतं तर शिक्षणाधिकाऱ्यानं खुलासा मागवला असता."

अण्णांच्या तोंडी हे शोभतं. झेडपीचे मास्तर. मैंदर्गीच्या रस्त्यावरच्या एका गावात एकोणीस वर्षं होते. घर ते शाळा बारा किलोमीटर, परत बारा. वर्षाला शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तर ५,२८० किलोमीटर होतात, आणि एकोणीस वर्षांचे लाखाच्या वर. पृथ्वीभोवती अडीच फेऱ्या! काळी बावीस इंची सायकल, हँडलला डबा, कॅरिअरला चाचणी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा. ना हेल्मेट, ना घड्याळात हार्टरेट, ना स्ट्राव्हावर कुणाचा अंगठा. हा हिशोब मी त्यांना करून दाखवला तेव्हा म्हणाले, "यात बाजाराच्या फेऱ्या धरल्या नाहीस."

मग अशा माणसाला बायपास कशी काय लागली? हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकानं विचारून झालाय, काहींनी तर सायकलवरचा विश्वास उडाल्यासारख्या चेहऱ्यानं. उत्तर सोपं आहे. निवृत्तीनंतर सायकल सुटली, स्कूटर आली, मधुमेह आला, आणि आजोबाही हृदयविकारानंच गेले होते. शरीराचा दम महिनाभर जरी स्वस्थ बसलं तरी उतरायला लागतो. सोळा वर्षांपूर्वीच्या किलोमीटरवर त्याला व्याज मिळत नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, नळ्या अजून अंगाला होत्या, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "मी परत सायकलवर बसणार का?" स्कूटरचं नाही विचारलं. सायकलचं. डॉक्टर "बघू" म्हणाले. मागल्या दाराशी सोळा वर्षं उभी असलेली ती काळी सायकल मग बहिणीला धुवायला लावली, चेनला तेल घालून घेतलं, दोन्ही टायर-ट्यूब बदलून घेतले. त्या "बघू"चा निकाल या बुधवारी लागणार होता.

मंगळवारी माझे इंटरव्हल होते. पाच वेळा चार-चार मिनिटं जीव खाऊन हाणायची, मधे तीन-तीन मिनिटं हळू. यासाठी मी स्टेशनचा रस्ता धरला. अक्कलकोट रोड नावाचं स्टेशन अक्कलकोटात नाही, दहा-अकरा किलोमीटरवर आहे. ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतं तिथं उतरून पुढे रस्ता तुडवावा लागतो, हा इंग्रजांच्या काळापासूनचा नियम. चौथ्या फेरीत मी धापा टाकतोय तर शेजारून एक दूधवाले काका किटल्या लावलेली मोटरसायकल माझ्या वेगानं चालवत विचारतात, "काय बे, कोण मागं लागलंय?" उत्तर द्यायला छातीत हवा नव्हती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे जाता जाता म्हणाले, "निधान होग्री!" म्हणजे सावकाश जा. आमच्या तालुक्यात वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपणं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. उपदेश तर नेहमी कन्नडमध्येच येतो.

बुधवार. ॲपच्या मते हलके पंचवीस किलोमीटर. प्रत्यक्षात सोलापूरला एसटीनं. बायपासमध्ये नेमकं काय करतात हे मलाही नोव्हेंबरपर्यंत धड माहीत नव्हतं, म्हणून थोडं सांगतो. छातीचं मधलं हाड उभं कापून हृदयापर्यंत जातात, पायातली शीर काढून ती तुंबलेल्या धमनीला वळसा घालून जोडतात, आणि हाड पुन्हा तारेनं बांधून टाकतात. म्हणजे दोन जखमा, एक छातीला आणि एक पोटरीला. हृदयाला रक्त लगेच मिळायला लागतं, पण हाड सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तोपर्यंतचे नियम फ्रिजवर चिकटवलेत. कळशी उचलायची नाही. उठताना हातावर रेटा द्यायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. चालायचं मात्र रोज. पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या वॉर्डात पाच मिनिटं, आणि आता दहाव्या आठवड्यात सकाळी पस्तीस मिनिटं. वेग किती? तर चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईनासं झालं की वेग जास्त.

हे वाचून मी थबकलो, कारण माझ्या वेळापत्रकात 'हलकी राइड' या शब्दाखाली अगदी हेच लिहिलंय. सायकल चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोनशे किलोमीटरची तयारी करणारा चाळिशीतला मी आणि बायपास झालेले सत्तरीतले अण्णा, दोघांना एकच मोजपट्टी! हार्टरेटचं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधून पाहिलं, ते मात्र उपयोगाचं नाही. त्यांना मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे, ती ठोक्यांवर झाकण ठेवते. भरभर चालले तरी आकडा ९०च्या वर जाईना. अण्णा खूश. "बघ, माझं इंजिन तुझ्यापेक्षा भारी आहे." म्हटलं, अण्णा, ही गोळीची करामत आहे. त्यांना ते पटलं नाही.

दवाखान्यात नंबर यायला दोन तास लागले. तेवढ्यात मी त्यांना आयझेनहॉवरची गोष्ट सांगितली. एके काळी हार्ट अटॅक आला की माणसाला चार-चार, सहा-सहा आठवडे गादीवर आडवं ठेवायचे. हलायचं नाही, काही ठिकाणी तर जेवणही दुसऱ्यानं भरवायचं. पडून पडून रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या आणि माणसं त्यानं जायची. १९५२ साली लेव्हाइन आणि लाऊन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं की अशा रोग्याला लवकर खुर्चीत बसवा, तेव्हा लोक बिचकले. मग १९५५ साली खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, आयझेनहॉवर यांना, अटॅक आला. त्यांच्यावर उपचार करायला बॉस्टनहून पॉल डडली व्हाइट नावाचे डॉक्टर आले. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना अंथरुणात कुजवलं नाही, टप्प्याटप्प्यानं हिंडतं-फिरतं केलं. पुढच्या वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. हे व्हाइट स्वतः कट्टर सायकलवाले. ज्याला त्याला सायकल चालवा म्हणून सांगायचे. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठच्या सायकलच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

अण्णांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं, "त्या डॉक्टरचं नाव काय म्हणालास?" मी सांगितलं. त्यांनी खिशातल्या डायरीत ते टिपून घेतलं. मला कळलं, आत गेल्यावर ही साक्ष निघणार.

निघालीच. डॉक्टरांनी इको पाहिला, एक्सरे पाहिला, छातीचं हाड बोटांनी दाबून दुखतंय का विचारलं, आणि कागदावर काही लिहायला लागले तेव्हा अण्णांनी घसा साफ केला. सायकल? डॉक्टर म्हणाले, जागेवरची सायकल आजपासून चालेल, दहा मिनिटं. रस्त्यावरची आणखी किमान महिनाभर नाही, आणि तीसुद्धा स्ट्रेस टेस्ट करूनच. कारणही सांगितलं. पायडल मारण्यानं हृदयाला काही होत नाही. भीती आहे ती खड्ड्याची, कुत्रं आडवं येण्याची, कचकन ब्रेक दाबताना हातावर आणि छातीवर येणाऱ्या भाराची. पडलात तर हाड पुन्हा पहिल्यापासून. अण्णा म्हणाले, "पॉल डडली व्हाइट म्हणून एक डॉक्टर होते..." डॉक्टर हसले, म्हणाले, ते इथे असते तरी महिनाभर थांबा म्हणाले असते.

परतीच्या एसटीत अण्णा वळसंग येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "जागेवरची सायकल म्हणजे काय रे? जाते कुठं ती?" मला त्यांचं दुःख कळत होतं. त्यांनी आयुष्यात व्यायाम म्हणून सायकल कधी चालवलीच नाही. सायकल म्हणजे कुठंतरी पोचायचं. एकदा पोचले की ती भिंतीला टेकवून विसरून जायचं. आपण पहाटे उठून कुठंही पोचायचं नसताना ऐंशी किलोमीटर जाऊन परत येतो, ते त्यांच्या हिशोबी जागेवरच्या सायकलपेक्षा फार वेगळं नाही.

गुरुवार सोडून द्या. रात्री प्रॉडक्शन रिलीज होता, पावणेतीनला आडवा झालो. सकाळी उठल्या उठल्या नाडी ६६. एरवी ५६ असते. निवांत पडल्या पडल्या दहा ठोके जास्त म्हणजे शरीर अजून रात्रपाळीवरच आहे. त्या दिवशीची राइड काढून टाकली. शुक्रवारी कुरनूर धरणाच्या बाजूला तासभर हलकं फिरून आलो, नाडी ५८.

शनिवारचा दिवस खरा. अक्कलकोट ते नळदुर्ग आणि परत, ऐंशीच्या आसपास. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा बोटं बधिर होत होती. (सोलापूर जिल्हा म्हटलं की लोकांना फक्त मे महिना आठवतो. जानेवारीत येऊन पाहा म्हणावं.) नळदुर्ग आमच्या उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे जाताना तोंडावर. शिवाय बोरी नदी नळदुर्गहून आमच्याकडे वाहत येते, याचाच अर्थ जाताना सगळा चढ. डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना बरोबर कळतो. चपळगावच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना शाळू पोटऱ्यातून बाहेर पडून कणसावर आलेला, एका शेतात हुरड्याची आगटी पेटलेली. आग्रह झाला. थांबलो. प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात राइडच्या मधे हुरडा खायला सांगितलेलं नाही, आणि हा त्या पुस्तकांचा दोष आहे.

नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहावा, पण पावसाळ्यात. बोरीचं पाणी अडवायला धरण बांधलं आणि त्या धरणाच्या पोटातच महाल केला, पाणीमहाल. १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पूर आला की पाणी महालावरून कोसळतं आणि आत माणूस कोरडा. आता जानेवारीत नुसता दगड आणि वानरं. तिथंच जवळ मैलारपूरचा खंडोबा. हा देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने इथं मुक्कामाला येतो. वर्षाकाठी पावणेदोन महिने हवापालट! आमच्या एचआरला हे धोरण दाखवायला हवं.

परतीला वारा पाठीशी आणि उतार पायाशी. जाताना दोन तास दहा मिनिटं लागली होती, येताना दीड तास. सोबत नेलेली कडक भाकरी खिशात मोडून तिचा भुगा झाला होता, तो शेंगाचटणीत कालवून मुठीनं खाल्ला. पाणी घरचंच, लिटरभराला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. जुलाबाच्या पोराला देतात तेच. दुकानातल्या रंगीत पुड्यांपेक्षा स्वस्त आणि माझ्या पोटाला जास्त मानवतं.

घरी येऊन पाय वर करून पडलो तेव्हा अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. "काय होतं रे नेमकं?" मास्तरांचा प्रश्न होता, तेव्हा उत्तर नीट द्यावं लागलं. स्नायूंमध्ये चारएकशे ग्रॅम आणि यकृतात शंभरएक ग्रॅम साखरेचा साठा असतो, आज तो बराचसा उपसला गेला. पोटभर भात-भाकरी खाल्ली तर भरायला दिवसभर लागतो. स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक चिरा पडल्यात. उद्या-परवा पाय दुखतील ते त्यानं. लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात, पण ते तासाभरात निघून जातं, त्याचा दोष नाही. चिरा भरताना शरीर त्या जागी थोडं जास्त मजबूत काम करून ठेवतं. हे सगळं काम होतं ते झोपेत आणि सुट्टीच्या दिवशी. आमच्या धंद्यात गार्बेज कलेक्शन म्हणून प्रकार असतो, प्रोग्रॅम जरा थांबला की मेमरीतला केर काढायचा. थांबूच दिलं नाही तर एक दिवस सगळंच बसतं. "म्हणजे सायकल चालवताना तू मजबूत होत नाहीस, मोडतोस," अण्णा म्हणाले. "आणि पडून राहतोस तेव्हा मजबूत होतोस." थोडक्यात हेच. ते बराच वेळ स्वतःच्या पोटरीवरच्या व्रणाकडे बघत बसले.

मग मी त्यांना नाशिकच्या महाजन बंधूंबद्दल सांगितलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, दोघं भाऊ, दोघं डॉक्टर. २०१५ साली दोघांनी मिळून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. ते जमलं कसं? एक भाऊ चालवायचा तेव्हा दुसरा गाडीत झोपायचा, खायचा, पाय दाबून घ्यायचा. रात्रंदिवस आळीपाळीनं. एवढ्या अंतरात विश्रांतीसुद्धा मिनिटं मोजून घ्यावी लागते. अण्णा म्हणाले, "चालवणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. पण भाऊ बाहेर उन्हात तडफडत असताना डोळा मिटून झोपायचं, ते जास्त अवघड."

आज रविवार. आज माझ्या वेळापत्रकात काही नाही, त्यामुळे पूर्ण दिवस अण्णांच्या सायकलला. जिममधल्या सायकलचा फोटो त्यांना दाखवला होता, म्हणाले, "हिला घंटीसुद्धा नाही." मग दोघांनी मिळून तोड काढली. त्या जुन्या काळ्या सायकलला मागं मोठा स्टँड आहे. तो लावला की मागचं चाक जमिनीपासून उचललं जातं. लहानपणी आम्ही तसंच पायडल मारत बसायचो आणि अण्णांचा मार खायचो. फिजिओथेरपिस्टना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण सीट खाली घ्या, हातावर भार नको, आणि कुणीतरी धरून उभं राहा. सायकल ओट्याला लागून लावली म्हणजे ओट्यावरून सरळ सीटवर बसता येईल, दांड्यावरून पाय उंच टाकायला नको. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा. स्टँडखाली गोणपाट. चाक अधांतरी फिरतं तेव्हा पायाला जोर लागत नाही, म्हणून मागच्या ब्रेकचा दांडा तारेनं किंचित ओढून बांधला, रबर रिमला घासेल इतपत.

सकाळी नऊला बसले. मी मागून सीट धरून, आई पुढे हँडल धरून. आईच्या मते हा सगळा बापलेकांचा चावटपणा आहे, पण हँडल तिनं सोडलं नाही. पहिली दोन मिनिटं अण्णा नुसते पायांकडे बघत होते. मग मान वर केली, पाठ सरळ केली आणि नेहमीच्या लयीत पायडल पडायला लागलं. ती लय मला पाठ होती. मी तिसरीत असताना याच सायकलच्या दांड्यावर बसून गेलोय. बोलता येतंय का म्हणून मी मधे मधे विचारत होतो. ते म्हणाले, "येतंय. पण बोलायचं नाहीये."

दहा मिनिटं झाल्यावर थांबवलं. घाम नाही, छातीत दुखणं नाही, पोटरी थोडी ओढल्यासारखी. डायरी काढून त्यांनी चालण्याच्या खाली लिहिलं, 'सायकल १० मि.' आणि अंतराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी म्हटलं, शून्य लिहा. ते म्हणाले, "शून्य कसं? चाक फिरलंय ना?" मग टेप घेऊन मला मागच्या चाकाचा घेर मोजायला लावला, पायडलचे आणि मागचे दाते मोजून घेतले, मिनिटाला किती पायडल पडले ते आईला विचारलं. आईनं मोजले नव्हते. त्यामुळे रकाना सध्या कोरा आहे, उद्या मोजायचं ठरलंय. ब्रेकचं रबर मात्र दहा मिनिटांतच झिजायला लागलं, बाजारातून दोन जोड आणून ठेवावे लागतील.